लिवरची कॉफी

रिटायर झाल्यावर फुकटचा सल्ला मागणारे वाढतात म्हणतात. माझ्याकडे तर ते मोबाईल समोर धरूनच येतात. परवा गोंदियाच्या भाजीबाजारात वांगी निवडत होते, तर आमच्या गल्लीतली एक बाई पिशवी सावरत जवळ आली. "मॅडम, आप तो लॅब में थे ना? ये देखो, बोल रहा है रोज काली कॉफी पियो तो लिवर एकदम साफ. सही है क्या?"

मी म्हटलं, "लिवर काय पितळेचं भांडं आहे का, घासून साफ करायला?"

ती हसली, पण हलली नाही. वांगीवालाही तराजू तसाच धरून थांबला. लिवरची काळजी त्यालाही असावी. मी थोडक्यात सांगितलं, की कॉफी वाईट नाही, लिवरला थोडा फायदाही होत असेल, पण तिच्या भरवशावर राहू नका. दोघांचंही समाधान झालं नाही. खरं उत्तर द्यायचं तर शालिकराम सांगावा लागतो, आणि शालिकराम वांग्यांच्या ढिगाजवळ उभं राहून सांगून होत नाही. म्हणून इथं लिहिते.

मी लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि कागदावर आकडे लिहून द्यायचे, हे माझं काम. देवरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात माझ्या नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं गेली. तिथल्या लोकांना माझं नाव कधी पाठ झालं नाही. मी 'रगतवाली बाई'. जन्म केशोरीचा. माय-बाप दोघंही दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणीला जाणारे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. मी गोंदियाला बीएस्सी केलं, नागपूरला लॅबचा कोर्स केला, आणि ऑर्डर हातात पडली तेव्हा माय गावभर सांगत सुटली, "माही पोरगी लोकायचं रगत काढते अन् सरकार तिले पगार देते."

शेजारची म्हातारी म्हणाली, "मच्छरबी त रगत काढते माय. त्याले काऊन नाही देत?"

तो विनोद मी पुढं कितीतरी घाबरलेल्या पेशंटना सांगितला. माणूस हसला की शीर सापडते.

कॉफीशी माझी ओळख उशिराची. आमच्याकडे लाल चाय. पाणी, पत्ती, गुळाचा खडा. दूध फक्त पाहुण्याच्या कपात. कॉलेजात असताना एका व्यापाऱ्याच्या मुलीकडे गेले होते, तिच्या आईनं फेस आणलेली दुधाची कॉफी दिली. मी घरी येऊन मायला सांगितलं, "जळल्या दुधासारखी लागते, पण बरी लागते." काळी कॉफी पाहिली ती नोकरीत, आमच्या डॉक्टरसाहेबांमुळे. ते साताऱ्याकडचे. नवीन पास होऊन आलेले, एकटे राहणारे, आणि येताना कॉफीचा डबा घेऊन आलेले. थंडीच्या दिवसांत ओपीडी सुरू व्हायच्या आधी मागच्या खोलीत ते पाणी उकळायचे आणि आम्हा सगळ्यांना बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी द्यायचे. स्पिरिटचा वास, खिडकीबाहेर धुकं आणि हातात गरम कप. आजही कुठं कॉफी उकळली की मला आधी स्पिरिटचा वास येतो. आमच्या लॅबचे अटेंडंट नामदेवभाऊ यांनी पहिला घोट घेतला नि कप खाली ठेवला. "साहेब, हा त निंबाचा काढा आहे. आजार कोणता आहे ते त सांगा."

दवाखान्याच्या फाटकासमोर शालिकरामची चहाची टपरी होती. उंच, सडपातळ माणूस, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. आत कोणाचा रिपोर्ट बाकी आहे हे त्याला माझ्याआधी माहीत असायचं. "टाइम आहे जी तुमच्या रिपोर्टले, तवरिक चाय घ्या!" त्याची बायको कौसल्या भजी तळायची, कमी बोलायची आणि सगळं पाहायची. तिचा थोरला भाऊ दारूनंच गेला होता. रक्ताच्या उलट्या करत त्याला आमच्याकडे आणलं होतं, आणि पुढं गोंदियाला नेण्याइतका वेळ त्यानं दिला नाही. त्या दिवशी तिनं भजीचा घाणा उतरवला नव्हता, तसाच सोडून धावत आली होती. हे मी स्वतः पाहिलेलं.

आणि शालिकराम प्यायचा. आमच्याकडे मोहाची दारू काही लपूनछपून प्यायची वस्तू नाही. मोहफुलं वेचायचे दिवस आले की सगळं रान गोड वासानं भरून जातं. मला तो वास अजून आवडतो. पण त्यातून पुढं जे निघतं त्याचा हिशेब माझ्या टेबलावर यायचा.

अशाच मोहफुलांच्या दिवसांत कौसल्या त्याला ओढत लॅबमध्ये घेऊन आली.

"म्याडम, याची भूक मेली. पोट जड झालं म्हणते. रगत पाहा याचं."

"काही नाही जी," शालिकराम म्हणाला, "चुलीजवळ उभं राहू राहू भूक मरते. भजे तळणाऱ्याले भजे आवडते का कवा?"

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला लिवर समजवायला मी नेहमी राईस मिल सांगायचे. धान येतं, मिल चालते, तांदूळ एकीकडे निघतो, कोंडा-भुसा एकीकडे पडतो. खाल्लेलं, प्यायलेलं सगळं आधी या मिलमध्ये जातं. मिलमध्ये कुठं आग लागली तर बाहेर धूर दिसतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही जी दोन नावं रिपोर्टवर असतात ना, ती म्हणजे हा धूर. लिवरच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातला माल रक्तात सांडतो आणि आकडा चढतो. शालिकरामचा आकडा चांगलाच चढलेला होता.

डॉक्टरसाहेबांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "दारू बंद. कमी नाही, बंद."

शालिकरामनं मान हलवली. मग टेबलावरच्या कपाकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, हे काळं तुम्ही रोज पेता. यानं काय होते?"

डॉक्टरसाहेब खोटं न बोलणारे. म्हणाले, "कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिवरचे त्रास थोडे कमी दिसतात, असं पुष्कळ ठिकाणी आढळलंय. पण ते औषध नाही. आणि दारूवर तर मुळीच नाही."

पेशंट डॉक्टरचं अर्धं वाक्य घरी नेतो हे आम्हाला ठाऊक होतं. शालिकरामनं पहिलं अर्धं नेलं. त्याचंही काही चुकलं म्हणता येत नाही. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उतारा असतो. विंचवाला आहे, नजरेला आहे, उन्हाच्या झळीला कैरीचं पन्हं आहे. बाधलं की उतारा घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. शालिकरामला मोहाच्या दारूचा उतारा सापडला, आणि तोही प्रत्यक्ष डॉक्टरच्या तोंडून.

आठवड्याभरात टपरीवर काळ्या टिनावर खडूनं लिहिलेली पाटी आली: 'लिवरची कॉफी. बिनसाखरेची.'

डॉक्टरसाहेब चिडले. "शालिकराम, ते 'लिवरची' पुसून टाका." त्यानं पुसलं आणि लिहिलं, 'डॉक्टरची कॉफी.' दुसऱ्या दिवशी साहेबांनीच सांगितलं, "राहू द्या, पहिलंच बरं होतं."

त्या पाटीनं दवाखान्यात जे पेशंट वाढवले त्यांची गंमत सांगते. एक रिटायर झालेले गुरुजी होते. त्यांनी पहाटे उपाशीपोटी मोठा ग्लासभर काळी कॉफी घेतली आणि थोड्या वेळानं छाती धरून आले. चेहरा पांढराफटक. "साहेब, जळजळ छातीतून गळ्यापर्यंत येऊन राहिली. पोरायले बोलवू का?" ईसीजी काढला. एकदम बरोबर. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पोरांना कशाला बोलावता, आधी नाश्ता करा." कॉफीनं पोटातलं आम्ल वाढतं आणि ज्याला आधीच ॲसिडिटी आहे त्याचं आम्ल वर चढायला लागतं. गुरुजींना हे पटलं, पण घाबरल्याची लाज वाटली. पुढं ते टपरीसमोरून जाताना मान वळवून जायचे.

दुसरे एक सदारामबाबा. बद्धकोष्ठाची जुनी तक्रार, दर आठवड्याला औषधाच्या खिडकीशी भांडण. त्यांना कॉफी अशी मानवली की अर्धा कप होताच कप ठेवून चालायला लागायचे. शालिकराम ओरडायचा, "बाबाजी, अर्धी राहिली!" बाबा मागं न पाहता, "तूच पे गा! मले टाइम नाही!" यातही जादू काही नाही. कॉफीनं आतडं जागं होतं, काहींचं जरा जास्तच लवकर.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी टपरीवर गर्दी असायची, आणि कितीतरी जणी लोहाची गोळी तिथंच चहा-कॉफीच्या घोटासोबत गिळायच्या. चहा काय नि कॉफी काय, गोळीतलं लोह दोन्ही अडवून धरतात, अंगी लागू देत नाहीत. गोळ्या संपायच्या, पण माझ्याकडे हिमोग्लोबिन जागचं हलायचं नाही. मी हे एकदा कौसल्येला बोलले. पुढच्या तपासणीला पाहते तर बाई झारा हातात धरून उभी. "गोळी घेतली का? पाण्यासंग घेतली का? मंग बस घंटाभर. आत्ता चाय नाही भेटत." एकीनं विचारलं, "दुकानवाली होऊन चाय नाही म्हणतेस वो?" तर म्हणाली, "पोटातल्याले विचार, त्याले पायजे का चाय." गिऱ्हाईक परत पाठवणारी टपरी मी तेवढीच पाहिली.

आणि या सगळ्यात शालिकराम स्वतः दिवसभर कॉफी प्यायचा. संध्याकाळी टपरी बंद केली की दारू. दोन्ही मनापासून.

पावसाळा सरला, धान लोंबीवर आलं, आणि दिवाळीच्या तोंडावर तो दुसऱ्या तपासणीला आला. अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, कपाळाला टिळा. इथं एक रीत सांगायला हवी, जी मी नोकरीभर पाहिली. साहेब येणार म्हटलं की गाव झाडून ठेवतात ना, तसं आमचे लोक तपासणीसाठी अंग झाडून येतात. पिणारा आठवडाभर पीत नाही. साखरेचा पेशंट दोन दिवस भात सोडतो. रिपोर्ट चांगला आला की घरी येऊन पुन्हा पहिल्यासारखं. रिपोर्ट म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षा. पास झालं की सुटलं. आपण फसवतो कोणाला, हा प्रश्न त्यात येतच नाही.

शालिकरामचा एसजीपीटी उतरला होता. जवळजवळ बरोबर. तो नुसता आनंदानं उडाला. टपरीवर सगळ्यांना फुकट कॉफी. कागद नाचवत मला म्हणाला, "पाहा म्याडम, उतारा लागू पडला! तुमचे साहेब कमी सांगत होते."

पण त्या कागदावर आणखीही ओळी होत्या. कावीळ दाखवणारा आकडा, बिलिरुबिन, चढला होता. लिवर जे प्रथिन बनवतं ते अल्ब्युमिन घसरलं होतं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी विरळ दिसत होत्या. पुन्हा दुसरी काच करून पाहिली. तेच. आणि त्याच्या चपलेचा पट्टा पायात रुतलेला होता. पाय सुजले होते.

तेव्हाचं यंत्र आजच्यासारखं सगळं छापून देणारं नव्हतं. प्रत्येक आकडा आपल्या हातून जायचा, म्हणून तो डोक्यात बसायचा. आता लॅबमध्ये गेलं की पोरी बटण दाबतात, भराभर कागद निघतो. काम बरं झालं, वेगानं झालं. पण आकड्यामागचा माणूस डोळ्यांसमोरून निसटतो की काय, असं मला वाटतं. असो.

डॉक्टरसाहेब दिवाळीला गावी गेले होते. मी फोन करून आकडे वाचून दाखवले. त्यांनी बिलिरुबिन पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, त्याला लगेच नागपूरला पाठवा. माझ्याशी बोलू द्या." शालिकराम फोनवर 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला, फोन माझ्या हातात दिला आणि मला म्हणाला, "मंडई होऊ द्या. मंग जातो."

मंडई म्हणजे भाजीची नव्हे. भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, साळे-मेहुणे येतात, दिवसा दंडार म्हणजे सोंगा-गाण्यांचा खेळ, रात्री नाटक, घरोघर लाखोरीच्या डाळीचे वडे. त्या दिवशी गाव सोडून जाणारा माणूस मी पाहिला नाही. आणि न पिणारा यजमानही फार पाहिला नाही.

मी फोन पुन्हा कानाला लावला तर साहेब म्हणाले, "माझं तो ऐकतो नि सोडून देतो. रोज तुमच्यासमोर असतो तो. तुम्हीच काही करून समजवा."

रिपोर्टचा कागद त्याच्या हातात होता, पण त्याला त्यातली एकच ओळ वाचता येत होती, आणि ती नेमकी चांगली होती. म्हणून मी त्याला आत बोलावलं. नामदेवभाऊंना म्हटलं, जरा हात द्या. "मले कायले टोचता?" म्हणत त्यांनी रक्त दिलं. रक्त काढून ठेवलं की ते आधी गोठतं. मग नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल गोळा खाली बसतो नि वर पाणी राहतं. तपासणी त्या पाण्याची होते. चांगल्या माणसाचं पाणी तणसाच्या रंगाचं असतं, नुकत्याच झोडलेल्या धानाच्या पिवळसर काडाच्या. ती नळी आणि तपासणीतून राखून ठेवलेली दुसरी, अशा दोन्ही नळ्या मी खिडकीजवळ शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"हे कोणाचं?" शालिकरामनं विचारलं.

"नामदेवभाऊंचं."

"अन् हे?"

होळीला पळसाची फुलं उकळून पाणी करतात, त्या रंगाचं होतं ते.

"तुमचं," मी म्हटलं.

तो वाकला. एका नळीकडे, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिलीकडे पाहत राहिला.

"पर एसजीपीटी त उतरली ना जी?"

"शालिकरामभाऊ, मिलमधला धूर कमी झाला म्हणजे आग विझलीच असं नाही. जळायचं ते जळून गेलं की धूरही कमी होतो."

"म्हंजे मिल जळली माही?"

"किती जळली ते नागपूरवाले सांगतील. उरली ती वाचते का, ते तुमच्यावर आहे."

"अन् कॉफी? साहेबच म्हणत होते."

"साहेब खरंच म्हणत होते. कॉफीनं जे थोडंफार होत असेल ते होत असेल. पण तुम्ही पुढच्या दारानं पाणी मारता अन् मागच्या दारानं रॉकेल ओतता. मग पाण्यानं काय करावं?"

नामदेवभाऊ कापूस दाबून धरलेल्या हातानं उभे होते. ते म्हणाले, "शालिक, ऐक गा. मी फुकटचं रगत देलं आज."

एरवी शालिकराम यावर हसला असता. त्या दिवशी तो उठला नि दारात थांबून माझ्यावर चिडला. "मंडईच्या तोंडावर सांगून राहिल्या हे? दोन दिवस थांबत नव्हतं का? दिवाळी खराब केली माही." आणि गेला. पाटी तशीच होती, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा रोजचा चहा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

कौसल्या मात्र आली. भजीचे हात पदराला पुसत दाराशी उभी राहिली. "म्याडम, काय सांगतलं तुम्ही? घरी तोंड उघडत नाही तो."

"नागपूरला न्या. लवकर."

"मंडई होऊ दे म्हणते." मग म्हणाली, "माहा भाऊबी असाच म्हणत होता. मंडई होऊ दे."



त्यांच्या गावच्या मंडईच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायचं आमंत्रण मला दरवर्षी असायचं. त्या वर्षी कोणी म्हणालं नव्हतं, तरी मी गेले. घर माणसांनी भरलेलं. त्यांची शाळेतली लेक नव्या कपड्यांत इकडून तिकडे पळत होती. कौसल्येचे दोन धाकटे भाऊ सकाळपासून रंगात आलेले. गोठ्याच्या मागं पुरुषांची उठबस चालू होती. ती कशासाठी, हे विचारायचं कारण नव्हतं. शालिकराम अंगणात मोठ्या गंजात पाहुण्यांसाठी कॉफी उकळत होता. साळ्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "जवाई, पाहुण्यायले काळं पाणी पाजता? चला मागं." शालिकराम हसला आणि पळी फिरवत राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. मी दोन वडे खाल्ले, कौसल्येनं चार बांधून दिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तो मागं गेला की नाही, ते मला कळलं नाही. गाडीत बसल्या बसल्या मी सारखी त्याचाच विचार करत होते. माझं काम नळीपर्यंतच. नळीच्या पुढं माझा हात पोचत नाही. ही गोष्ट नोकरीत मला दर वर्षी नव्यानं शिकावी लागली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा अडकून राहणार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिवर बरंचसं आक्रसलंय. जे गेलं ते परत यायचं नाही, पण दारू पूर्ण सुटली तर उरलेल्यावर माणूस चालू शकतो. अचानक सोडताना हातपाय कापतात, म्हणून त्याला काही दिवस भरतीच ठेवलं. तो सुटला. एका होळीला घसरला, कौसल्या त्याला पुन्हा घेऊन आली, पुन्हा सुटला. कोणी धरली नव्हती इतकी वर्षं त्याला मिळाली. लेकीचं लग्न त्यानं शुद्धीत लावलं, हे त्याचेच शब्द. काळी कॉफी शेवटपर्यंत प्यायचा, जेवणानंतर, बिनसाखरेची. त्याच्या लिवरला तिनं किती हात दिला ते मला सांगता येणार नाही. दारू सुटल्यानं किती दिला, ते मात्र प्रत्येक तपासणीत दिसत होतं. मागच्याच्या मागच्या थंडीत तो गेला. टपरी कौसल्या चालवते. डॉक्टरसाहेब केव्हाच बदलून गेले, नामदेवभाऊ नातवंडं खेळवतात. मी त्या रस्त्यानं गेले की उतरते.

पण शालिकराम म्हटलं की मला त्याची शेवटची वर्षं आठवत नाहीत. मला मंडईच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

मी लॅब उघडायला आले तर तो पायरीवर बसलेला. अंगात कालचाच शर्ट, चुरगळलेला. कौसल्या बाजूला उभी, हातात कापडाची पिशवी, डोळे हमरस्त्याकडे. जवळ गेले तसा वास आला. मोहाचा.

"रगत काढा," तो म्हणाला.

"चार दिवसांपूर्वीच तर काढलं, शालिकरामभाऊ."

"ते धुतलेलं होतं. आठ दिवस सोडून आलो होतो. मुद्दाम तसाच आलो मी." त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. "काल घेतली म्याडम. साळ्यायनं गिलास भरला अन्..." तो थांबला. "साळ्यायचं नाव कायले घेऊ. गिलास मीच उचलला."

"आज काढलं तर रिपोर्ट खराब येईल."

"येऊ द्या जी. नागपूरच्या डॉक्टरले खरा पायजे. खोट्यावर तो खोटंच औषध देईन ना?"

मी कुलूप काढलं. आकडे मागाहून फोनवर नागपूरला कळवता येणार होते. खिडकी उघडली. तो स्टुलावर बसला, बाही वर केली. मी दंडाला पट्टी आवळली. शीर बोटाखाली येऊन निसटत होती. तो सारखी मान वळवून दाराबाहेर पाहत होता. नागपूरची गाडी चुकली तर पुढची दुपारी होती, आणि दुपारपर्यंत त्याचं मन टिकेल की नाही हे आम्हा तिघांनाही सांगता आलं नसतं.

"मूठ बांधा," मी म्हटलं.

कौसल्या दारातून हलली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "गाडीकडं मी पाहून राहिली. तुमी हात सरळ ठेवा."